आमचे स्पेअर पार्टचे दुकान

आमच्या घरात पगार एक आणि दुकान एक. पगार शाळेचा, तो मुलांच्या फीमध्ये आणि अम्मींच्या औषधांत जातो. बाकी घर दुकानावर चालते. दुकान दुचाकीच्या स्पेअर पार्टचे, सोलापुरात, हैदराबाद रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी. दहा बाय बावीसची जागा, वर पोटमाळा, समोर पत्रा ठोकलेला काउंटर. आम्ही म्हणजे अब्बा, दोघे भाऊ, थोरल्याचा मुलगा आणि कामाला असलेली दोन मुले. धाकटा भाऊ उर्दू शाळेत मराठी शिकवतो. शाळा सुटली की साडेपाचला शर्ट बदलून तोही काउंटरमागे उभा राहतो. दुकान अब्बांच्या नावावर आहे, मास्तर फक्त हाताखालचा माणूस. सोयरिकीच्या बैठकीत आमचे नातेवाईक "सर शाळेत असतात" एवढेच सांगतात, दुकानाचे नाव घेत नाहीत. म्हणून इथे दुकानाबद्दलच लिहायचे ठरवले.

अब्बा मूळचे मिस्त्री. दुसऱ्याच्या गॅरेजात बारा वर्षे राबून त्यांनी १९८६ साली हे दुकान टाकले. तेव्हा रस्त्यावर बजाज चेतक, लुना, राजदूत, येझदी, आणि नुकतीच आलेली हिरो होंडाची सीडी १००. चेतकवाला माणूस डिकीत एक जादा प्लग आणि एक क्लच वायर ठेवल्याशिवाय गावाबाहेर पडत नसे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, प्लगवर काजळी धरायची, गाडी सुरू होईना की मालक ती कलती करायचा आणि परत किक मारायचा. गिअरच्या दोन वायरी, क्लचची एक. अब्बा म्हणतात की पहिली पाच वर्षे दुकान वायरी आणि प्लगवर चालले. आजही एखादे म्हातारे गृहस्थ चेतक घेऊन येतात तेव्हा अब्बा खुर्चीतून उठून स्वतः पार्ट काढून देतात, मुलांना हात लावू देत नाहीत.

दुकानात साडेतीन-चार हजार वेगवेगळे नग आहेत. नवीन मुलगा आला की पहिले सहा महिने त्याला गिऱ्हाईक नाही. झाडायचे, पुसायचे, आलेला माल जागच्या जागी लावायचा. अब्बांनी माल कंपनीप्रमाणे लावलेला नाही, गाडीप्रमाणे लावला आहे. दाराशी पुढचे चाक, त्याच्यावर शॉकअपची ऑइल सील आणि कोन सेट, मग हँडलच्या वायरी, लिव्हर, स्विच. मध्ये इंजिनाचे, म्हणजे पिस्टन, रिंग, वॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेट, पॅकिंग. शेवटी मागचे चाक, चेन-सॉकेट, लायनर, आणि अगदी भिंतीला टेललाइट. जागा विसरली तर गाडीवर बसल्याची कल्पना करायची आणि पुढून मागे चालत जायचे. या पद्धतीने आमच्याकडे तयार झालेली पाच मुले आज स्वतःची दुकाने चालवतात. त्यांतले दोघे आमच्याच रस्त्यावर आहेत, हे सांगताना अब्बांना थोडा अभिमान वाटतो आणि थोरल्याला थोडा त्रास होतो.

पार्टचे खरे नाव पुस्तकात एक आणि काउंटरवर दुसरे. स्प्रॉकेट कोणी म्हणत नाही, सॉकेट म्हणतात. स्पीडोमीटर म्हणजे काटा, प्लग म्हणजे पिलग. किंमत विचारणारेही चार भाषांत विचारतात. मोहोळ-बार्शीचा शेतकरी "केवढ्याला" म्हणतो, अक्कलकोट-इंडीकडचा "एष्टु", पूर्व भागातला विणकर "एंत", आणि आपल्या मोहल्ल्यातला "कित्ते का". दुकानातला एक मुलगा तेलुगू घरातला आहे, त्याच्यामुळे आमचा पूर्व भागातला धंदा टिकला. दुसऱ्याला कन्नड येते. मास्तरांना वाटते की भाषेचा तास वर्गात घेण्यापेक्षा इथे घ्यावा. इथे चूक झाली तर गिऱ्हाईक लगेच सांगते, आणि परतही येत नाही.

पण बरीच गिऱ्हाइके नाव सांगतच नाहीत. रुमालात किंवा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला तुटका तुकडा काउंटरवर ठेवतात: "ह्याच्यासारखं द्या." किंवा तोंडाने आवाज काढून दाखवतात. मागून किर्र किर्र येतेय, वळताना कट्ट होतेय, उतारावर घुंई करतेय. खरे काम इथे सुरू होते. गाडी कोणती, किती सालची, डिस्क का ड्रम, सेल्फ आहे का, आधी कोणी उघडली होती का, हे सगळे दोन मिनिटांत विचारायचे, तेही मागे चार जण उभे असताना, आणि समोरच्याला आपली परीक्षा घेतली जातेय असे वाटू न देता. खेड्यातून चाळीस किलोमीटर आलेल्या माणसाला चुकीचा पार्ट गेला तर त्याचा दिवस जातो आणि एसटीचे भाडे जाते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: खात्री नसेल तर देऊ नये, जुना काढून आणायला सांगावे. कधी माणूस रागावतो, पलीकडच्या दुकानात जातो. जाऊ द्यावे.

दूधवाल्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. शंभर सीसीच्या गाडीला मागे दोन्ही बाजूंना कॅन, वर एखादा आडवा, आणि खड्ड्यांतून पहाटे चारला निघायचे. त्यांच्या मागच्या चाकाचे बेअरिंग, स्पोक, हबचे रबर, शॉकअप हे सगळे इतरांच्या निम्म्या वेळात संपते. दूधवाला भाव करतो, पण वेळ घालवत नाही, कारण संध्याकाळचे दूध काढायला परत पोचायचे असते. त्यांनी आम्हाला शिकवले की पार्ट किती टिकेल याला उत्तर नसते. कोणाच्या गाडीत टिकेल, हे विचारायचे असते.

बेअरिंगवरून आठवले. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो: ६२०३, ६२०४, ६३०५. शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचा माप. ०४ पासून पुढे त्याला पाचाने गुणायचे, मिलिमीटर येतात. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. त्याच्या खाली मात्र पाढा चालत नाही: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. चेनवर ४२८ लिहिलेले असते, त्यातला पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधले अंतर इंचाच्या आठ भागांपैकी चार, अर्धा इंच. पिस्टन घासला की सिलिंडर बोअर करून पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर असा चढत्या मापाचा पिस्टन घालायचा. दहावीला गणितात दोनदा बसलेला आमचा तेलुगू मुलगा हे सगळे तोंडी सांगतो. शाळेत त्याला अपूर्णांक कळले नाहीत. इथे पाव आणि अर्धा यांच्यात चूक केली तर पिस्टन सिलिंडरमध्ये जातच नाही, म्हणून कळले.

यावरून पालकांनी उलटा अर्थ काढू नये. दर मे महिन्यात मास्तरांकडे कोणीतरी येते: "सर, पोरगा शिकत नाही, दुकानात लावून द्या." पोरगा तेरा वर्षांचा असतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ठेवले नसते. अब्बा स्वतः अकराव्या वर्षी गॅरेजात गेले होते. ते पालकांना आपली डाव्या हाताची करंगळी दाखवतात, जी नीट वाकत नाही, आणि चहा पाजून परत पाठवतात. दहावी झालेल्याला आम्ही सांगतो की आधी आयटीआयला अर्ज कर. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यानंतर ये. जो मुलगा पार्ट गाडीत बसवायला शिकला आहे, तो पार्ट विकायला तीन महिन्यांत शिकतो. नुसता विकायला शिकलेला जन्मभर डबे काढून देत राहतो.

काम अंगावर येते ते पायांवर. सकाळी दहा ते रात्री नऊ उभे राहायचे, मध्ये जेवणाला अर्धा तास. शिडीवर दिवसातून चाळीस-पन्नास वेळा चढायचे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पोटमाळ्यावर पत्र्याखाली किती होत असेल ते तिथून टायर उतरवणाऱ्या मुलालाच ठाऊक. तिथे दुपारी बारा ते चार कोणाला पाठवायचे नाही, असे थोरल्याने तीन वर्षांपूर्वी ठरवले. टायर मागणाऱ्याला सांगायचे, चारनंतर या.

आणि हात. नवीन पार्टलाही ग्रीस आणि गंज न धरू देणारे तेल लावलेले असते, गिऱ्हाइकाने आणलेला जुना तुकडा तर काळा मिट्ट. दिवसभरात ते नखांत, बोटांच्या रेषांत बसते. वुजूचे पाणी कातडीपर्यंत पोचायला हवे, आणि ग्रीसचा थर पाणी पोचू देत नाही. म्हणून दुकानाच्या मागच्या नळाजवळ आधी थोडे डिझेल, मग लाकडाचा भुसा, मग कपड्याचा साबण अशी आमची तयारी असते. जोहरला हे करायला सात-आठ मिनिटे लागतात. अब्बा म्हणतात, नमाजला लागतो त्याहून जास्त वेळ हात धुण्यात जातो, तोही धरला जाईल. मास्तरांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात एक काळी रेघ कायम असते. वर्गातली मुले ती बघतात आणि आपापसात सांगतात की सरांचे दुकान आहे. त्याने वर्गात वजन वाढते की कमी होते, हे मास्तरांना अजून कळलेले नाही.

धंद्याला ऋतू असतात. पावसाळ्यात चेन गंजते, प्लगची टोपी पाणी धरते, लायनर आवाज करतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आसपासच्या गावांहून गर्दी येते आणि त्या दिवसांत आरसे, इंडिकेटर, हँडलचे ग्रिप खपतात, सगळे नव्याने सजायचे असते. ऊसाचे बिल खात्यावर आले की वर्षभर लांबवलेले इंजिनाचे काम निघते. ईदच्या आदल्या आठवड्यात आपल्या मुलांना गाडी चकाचक हवी असते. खंडेनवमीला मिस्त्री लोक पाने धुऊन पूजा करतात आणि आमच्याकडे पेढे पाठवतात. त्या दिवशी एकाचीही उधारी मागायची नाही, हा अब्बांचा नियम चाळीस वर्षे चालत आला आहे.

बदलांनी आमची फार दमछाक केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बहुतेक पार्टांवर २८ टक्के होते. दोनशेच्या वस्तूला एवढा कर का, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावता समजावता थोरल्याचा घसा बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या पार्टांवर १८ झाले, तेव्हा जुन्या पाकिटांवरची छापील किंमत आणि नवा भाव यांचा मेळ घालण्यात आठवडा गेला. त्याच्या मध्ये १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. बहुतेकांचे कार्बोरेटर गेले, इंजेक्टर आणि सेन्सर आले. एकाच नावाच्या गाडीचे दोन-तीन अवतार झाले आणि प्रत्येकाचा एअर फिल्टर वेगळा. माल दुप्पट ठेवावा लागतो, खप मात्र तेवढाच. पोटमाळ्यावर जुन्या मॉडेलचे जे डबे पडून आहेत त्यांना आम्ही कब्रस्तान म्हणतो. अम्मींना हा शब्द आवडत नाही.

आता विजेच्या स्कूटरी. त्यांना प्लग नाही, क्लच प्लेट नाही, इंजिन ऑइल नाही, पिस्टन नाही. आमच्या मधल्या भिंतीवरचे काहीच त्यांना लागत नाही. २०२० साली चेतक विजेवर परत आला. गल्लीतल्या एका डॉक्टरसाहेबांनी घेतला तेव्हा अब्बा दोन्ही बाजूंनी बघून आले आणि म्हणाले, "नाव तेच आहे, पण आपल्यासाठी ब्रेक आणि टायर सोडून काही ठेवलं नाही."

ब्रेकचेच सांगायचे आहे. घरात गेले वर्षभर जी बोलाचाली चालू आहे ती ब्रेक लायनरवरून.

वाचकांच्या घरी एक तरी दुचाकी असेलच, म्हणून आधी समजून घ्यावे. पार्ट चार तऱ्हेचे असतात. एक, गाडीच्या कंपनीच्या नावाच्या पाकिटातला. दोन, जी कंपनी तोच पार्ट कारखान्याला बनवून देते तिने स्वतःच्या नावाने विकलेला; हा थोडा स्वस्त असतो आणि आमच्या मते तितकाच चांगला. तीन, लहान कारखान्याचा, स्वतःच्या नावाचा, ज्याला बाजारात लोकल म्हणतात. लोकल म्हणजे वाईट असे नाही, त्यात चांगलेही आहेत, फक्त तो आपण काय आहोत हे लपवत नाही. चौथा तो, ज्याच्या पाकिटावर मोठ्या कंपनीचे नाव आहे आणि आत भलतेच. तो नकली. तो विकणे गुन्हा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. तरी मिळतो, सगळीकडे मिळतो.

ड्रम ब्रेकमध्ये अर्धचंद्रासारखे दोन ॲल्युमिनियमचे तुकडे असतात, त्यांवर घासणारा थर चिकटवलेला असतो. पायाने ब्रेक दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. थर घासून कमी होतो, हे त्याचे कामच आहे. नकलीत तो घासण्याआधी सुटतो. उतारावर ड्रम तापला की चिकटवलेले निघते आणि मग एक तर ब्रेक लागत नाही, नाही तर तुकडा अडकून चाक जागीच धरते. नकली ओळखायला आम्हाला पाकीट हातात घेतले की पुरते: छपाई जरा फिकी, होलोग्राम वाकवल्यावर रंग न बदलणारा, पाकिटाची पिन वेगळी, वजन हलके. गिऱ्हाइकाला हे कळत नाही, कळण्याचे कारणही नाही. त्याला नाव दिसते आणि भाव दिसतो.

आता मिस्त्री. आमचा निम्म्याहून जास्त माल गिऱ्हाईक नेत नाही, गॅरेजवाला नेतो. त्याची वही असते, महिन्याला हिशेब. या धंद्यात मिस्त्रीला काही टक्के सुटतात, ते उघड आहे आणि त्यात गैर काही नाही; तो आमचा माल नेतो, आम्ही त्याला सूट देतो. गैर तिथे सुरू होते जिथे तो म्हणतो, "डबा ओरिजिनलचा द्या, भाव दुसऱ्याचा लावा." नकली त्याला निम्म्याहून कमी भावात पडतो आणि गिऱ्हाइकाकडून तो पाकिटावरची पूर्ण किंमत घेतो. आम्ही नाही म्हणालो की तो दोन दुकाने पुढे जातो, आणि फक्त लायनरसाठी जात नाही, सगळी वही घेऊन जातो. गेल्या दीड वर्षात आमच्या अशा तीन वह्या गेल्या. एकाची तर बावीस वर्षांची होती. त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही जेवण वाढले आहे. तो रस्त्यात भेटला तर आजही "उस्ताद, सलाम" म्हणून थांबतो. वाईट त्याचेच वाटते.

थोरल्याचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो आणि हिशेब आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का. त्याने तीन वह्यांची बेरीज कागदावर मांडून जेवणाच्या दस्तरख्वानवर ठेवली. त्याचे म्हणणे सरळ होते. माल आपण बनवत नाही. मिस्त्रीला माहीत आहे तो काय नेतोय, म्हणजे आपण त्याला फसवत नाही. पुढे तो काय सांगतो हे त्याचे आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे. आपण नाही दिले तर शेजारचा देतो, रस्त्यावर लायनर तेच लागतात, फक्त आपले दुकान रिकामे होते. आणि बहिणीची फार्मसीची फी पुढच्या जूनला आहे.

याला घरात कोणाकडे पटकन उत्तर नव्हते. मास्तरांनी सांगितले की माप मारणाऱ्यांवर कुरआनात एक पूर्ण सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. मुलगा म्हणाला, "चाचा, ती मला पाठ आहे. वही परत कशी आणायची ते सांगा." थोरला गप्प राहिला. दुकान तो चालवतो, दुपारी गल्ला मोकळा असतो तेव्हा समोर तोच बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हाला कळत होता.

अब्बा बराच वेळ हाडाची वाटी चाटत होते, मग म्हणाले, "आरसा लोकल ठेव. सीट कव्हर ठेव. फूटरेस्टचं रबर, मडगार्ड, हॉर्न, सगळं लोकल ठेव, पण त्याच्या नावाने. आरसा फुटला तर माणूस दुसरा आणतो." बोट मोडून त्यांनी पुढची नावे घेतली: लायनर, डिस्कचे पॅड, ब्रेक वायर, चेन, चाकाचे बेअरिंग, कोन सेट, टायर. "हे सात खोट्या नावाने माझ्या दुकानातून जाणार नाहीत. माझ्यानंतर तुम्ही बघा." "माझ्यानंतर" हे शब्द आले की अम्मी विषय बदलतात, तसा त्या दिवशीही बदलला.

त्यानंतर एक सेल्समन आला. असे लोक येतातच. त्याने नको म्हणत असताना एक पेटी काउंटरवर ठेवली, दोन डझन लायनर, नामांकित कंपनीच्या पाकिटात. "ठेवून तर बघा, विकले तर पैसे द्या, नाही तर परत नेतो." थोरला बाहेर होता, अब्बा अस्रला गेले होते. मुलाने पेटी उघडली नाही, पण परतही दिली नाही, पोटमाळ्यावर ठेवली. रात्री त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितले. म्हणाला, पेटी राहू द्या, मला एक करून बघायचे आहे.

त्याने केले ते असे. नाना पेठेत पुण्याला महिन्यातून एकदा खरेदीला जातो तेव्हा त्याने दुसऱ्या नंबरच्या लायनरचा, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या मालाचा, मोठा लॉट घेतला, त्यामुळे भाव जरा उतरला. काउंटरवर काचेखाली तीन लायनर शेजारी शेजारी ठेवले: कंपनीचा, बनवणाऱ्याचा, लोकल. प्रत्येकाखाली किंमत मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि लोकलखाली स्वच्छ लिहिले, "लोकल आहे, दूधवाल्यांनी व घाटात जाणाऱ्यांनी घेऊ नये." या पाटीला थोरला आधी हसला. आपल्याच मालावर नको घेऊ असे लिहिणारे हे पहिलेच दुकान असेल. पण गिऱ्हाईक ती पाटी वाचते आणि मग विचारते, "मला कोणता?" विचारणारा माणूस मिस्त्रीशिवाय आलेला असतो. पूर्वी असे दिवसाला पाच-सहा यायचे, आता पंधराच्या आसपास येतात. त्यांत स्कूटीवाल्या बायका आणि मुली बऱ्याच आहेत. पूर्वी त्या भावाला नाही तर शेजारच्या पोराला पाठवायच्या. आता स्वतः येतात, काचेतले तिन्ही वाचतात आणि पावती मागतात. मास्तरांच्या दोन माजी विद्यार्थिनींनी तर जुना लायनर परत मागून घेतला, खरंच बदलला का ते बघायला. गॅरेजवाल्यांना हे फारसे आवडलेले नाही.

तीनपैकी एक वही परत आली आहे, बावीस वर्षांची नव्हे, सर्वांत लहान. त्याच्या गॅरेजात बदललेल्या लायनरचा थर आठ दिवसांत निघाला आणि गाडीवाला भांडायला आला, देवाच्या कृपेने दोन्ही पायांवर चालत. ही हकिगत मिस्त्रीनेच येऊन सांगितली. इतर दोन वह्यांचा भरणा अजून झालेला नाही. फुटकळ गिऱ्हाइकांनी तेवढी विक्री भरून निघत नाही, मुलाचा कागद हे स्पष्ट दाखवतो.

दरवर्षी शाबानमध्ये आम्ही माल मोजतो. जकात काढायची तर दुकानात विकायला ठेवलेल्या मालाची आजची किंमत धरावी लागते, त्यावर अडीच टक्के. दोन शुक्रवार दुपारनंतर दुकान बंद ठेवून सगळे बसतो. मुलगा लॅपटॉपवर लिहितो, मास्तर डबे वाचून दाखवतात, कामाची मुले शिडीवर. कब्रस्तानातल्या मालावर दरवर्षी वाद होतो. आज बाजारात जे मिळेल तेवढेच धरायचे, हे आलिमांकडून विचारून घेतलेले आहे, पण थोरला म्हणतो शून्य मिळेल आणि अब्बा म्हणतात कोणीतरी येईल. या वर्षी पोटमाळ्यावर ती पेटी निघाली. मास्तरांनी "लायनर, चोवीस" असे वाचले. मुलगा म्हणाला, "लिहू नका, ते आपलं नाही."

सेल्समन पंधरा दिवसांनी येऊन पेटी घेऊन गेला. जाताना त्याने आत बघून नग मोजले, पुरे भरले, आणि विचारले की पुढच्या महिन्यात किती ठेवू. मुलाने त्याला काचेखालची पाटी दाखवली. त्याने ती वाचली, मोबाइलवर फोटो काढला आणि दोन दुकाने पुढे गेला. ईदनंतर सहा महिन्यांचा हिशेब मांडायचा आणि मगच पुढे बोलायचे, असे ठरले आहे. तोपर्यंत बहिणीची फी मास्तरांच्या पगारातून.